गळलेला ‘ने’

टक्. मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा टक्. डोळे न उघडताच मला कळलं, खारू उठली आहे. अनवाणी स्वयंपाकघरात जाऊन ती फ्रिजच्या दारावर चुंबकाची अक्षरं लावते आहे. रविवार होता. वरच्या मजल्यावर नळ नाही, खाली रस्त्यावर गाडी नाही, शेजारी नवऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. जागा असला की तो असाच न हलता पडून राहतो. हल्ली आम्ही दोघंही एकमेकांची झोप मोडू नये म्हणून जागे पडून राहतो. टक्. एका फ्रिजच्या दारानं दचकावं एवढी शांतता आपल्या घरात शिरली कुठून, असं मला वाटलं. घरात पूर्वी होती तेवढीच माणसं आहेत. आम्ही दोघं आणि ही पाच वर्षांची, पुढच्या दातांमुळे खारू झालेली मुलगी. एकही कमी झालेलं नाही. जे घरात आलंच नाही ते कमी कसं होईल? तरी कोणी उठून गेल्यावर खुर्चीची गादी जशी हळूहळू वर येत राहते, तसं घर अजून वर येतंय, आणि पुरतं आलेलं नाही.

बाळ झालं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा खारू दारात उभी होती. तिनं मला मिठी मारली नाही, माझ्या मागे पाहिलं. लिफ्टमधून अजून कोणी उतरतंय का ते. “बाळ?” “बाळ दवाखान्यात राहिलं,” मी म्हणाले. तोंडाला आलं ते म्हणाले. तिनं मान डोलावली. छत्री बसमध्ये राहिली, डबा शाळेत राहिला, तसं बाळ दवाखान्यात राहिलं. त्या दिवसापासून मी तिला ‘बाळा’ म्हणून हाक मारणं सोडलं आहे. तिनं कधी विचारलं नाही, का. तिनं काहीच विचारलं नाही. मला वाटलं, मुलं विसरतात. आत्याही तेच म्हणाली, म्हणजे माझी नणंद, जी तेव्हा येऊन राहिली होती आणि घर सांभाळत होती: “वहिनी, पोरं पाण्यासारखी असतात, आपोआप सपाट होतात.” आणि परवा बाईंचा शाळेतून फोन आला. तुमची मुलगी वर्गात सांगते, आमचं बाळ दवाखान्यात शिकतंय, शिकून झालं की घरी येणार आहे. सगळ्या वर्गाला तिनं बारशाला बोलावलंय. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही तिच्याशी... घरात बोलणं झालं नाही का?”

म्हणून आजचा दिवस ठरला होता. आज खारूला सांगायचं, दोघांनी मिळून. जागा नवऱ्यानं सुचवली. नवीन वाचनालय उघडल्यापासून सगळं गाव बघून आलंय, आपणच राहिलोय, तिला अक्षरांचं वेड आहे तर खूशही होईल. “आणि घरात नको,” तो म्हणाला. “घरात सांगितलं की ते घरातच बसून राहील.” मला ते पटलं. मग चहा उकळत असताना त्याचा फोन वाजला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लोक अधांतरी अडकले की त्यांना त्याची आठवण येते. त्यानं फोनवर “हं, हं” केलं, आणि त्या हंहंवरूनच मला कळलं.

“एक आजोबा अडकलेत गं. दोन मजल्यांच्या मध्ये. कुत्र्याला फिरवायला निघाले होते.”

“दुसरं कोणी नाही का तुमच्याकडे?”

“कुत्रा फार ओरडतोय म्हणे.” तो बूट घालायला खाली बसला. “मी अर्ध्या तासात तिकडेच येतो. तू सुरुवात कर.”

“सुरुवात कर म्हणजे? भाजी चिरायचीय?”

तो बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत राहिला. “मी असलो की मला रडू येईल,” तो बुटाला म्हणाला. “मग ती माझ्याकडेच बघत बसेल. तुला जमतं.” मला काय जमतं ते त्यानं सांगितलं नाही. जाताना त्यानं फ्रिजजवळ वाकून खारूच्या डोक्याचा वास घेतला. हे तो नवीनच करायला लागला आहे.

बसमध्ये ती खिडकीला नाक चिकटवून बसली आणि पाट्या वाचायला लागली. गेले दोन-अडीच महिने तिला हेच झालंय. बिस्किटाचा पुडा वाचायचा, औषधाची बाटली वाचायची, गटाराच्या झाकणावरची उठावाची अक्षरं बोटांनी चाचपायची. आधी आम्हाला कौतुक वाटलं. नंतर मला त्यात काहीतरी खटकायला लागलं, पण काय ते कळेना. खेळताना मूल असं ओठ घट्ट मिटत नाही. “चप-ला. दा-तां-चा. घ-ड्या... घड्या...” बस पुढे गेली. “थांबव ना! आई, थांबव, माझं राहिलं!” ती खरोखरच घाबरून ओरडली. पुढच्या बाकावरच्या बाई हसून वळल्या. “केवढी हुशार पोरगी! एवढ्याशा वयात! एकच का?”

“हो,” मी म्हणाले.

“दोन,” खारू काचेवरचं नाक न काढता म्हणाली. “दुसरं अजून यायचंय.”

बाईंची नजर माझ्या पोटावर आली, तिथे जरा विसावली आणि मायेनं परत गेली. “छान, छान. जप हो स्वतःला.” मी ओढणी सारखी केली. माझं पोट अजून लोकांना फसवतं. सगळ्यांत आधी त्यानं मलाच फसवलं होतं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दूध आलं. अंगाला कोणी कळवलंच नव्हतं. मी न्हाणीघरात उभी राहून बेसिनमध्ये ते पिळून टाकत होते आणि बाहेर खारू दारावर बोटानं अक्षरं गिरवत होती, खरखर, खरखर. मी म्हणत होते, आलेच गं, आलेच. आता हिला सांगायचं. कुठल्या शब्दात? मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, घरी बसून, ही शाळेत गेली की. दुसऱ्याच्या वाक्यातला सुटलेला काना मला दुरून दिसतो. पण बसमध्ये बसून मी एक वाक्य जुळवत होते, चार-पाच शब्दांचं, आणि ते प्रत्येक वेळी क्रियापदाशी येऊन बंद पडत होतं. बाळ गेलं. कुठे? बाळ देवाघरी गेलं. मग पत्ता? बाळ आता नाही. मग कधी?

वाचनालयासमोर रांग होती. इथे आता पाहुण्यांना हेच दाखवायला आणतात. आत शिरल्यावर माणसं आधी मान वर करतात, मग “अबब” म्हणतात, मग फोन काढतात. आम्हीही मान वर केली. पांढऱ्या पायऱ्यांच्या लाटा भिंतीभर चढत गेलेल्या, पायऱ्यांनाच कपाटं, कपाटांत पुस्तकं, आणि तशीच वर वर, छतात विरघळेपर्यंत. मला छाती भरून येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट गार हवेबरोबर जो वास आला, नव्या रंगाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा, त्यानं मी दारातच थांबले. दवाखानाही असाच होता. अशाच काचा, अशीच मोठ्या जागेत हळू बोलणारी माणसं, एखाद्याच्या बुटाची चूं-चूं, आणि सगळ्यांवर सारखाच पडलेला, कोणाचाच नसलेला उजेड. त्या उजेडात डॉक्टर म्हणाले होते, आम्ही शक्य ते सगळं केलं, आणि नवऱ्यानं वंगणाचा वास येणारा हात माझ्या हातावर ठेवला होता. काचेच्या पेटीवर चिकटवलेल्या कागदावर माझ्या नावातली वेलांटी चुकली होती. मी नर्सकडे पेन मागितलं. तिला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. पण तिनं दिलं. मी दीर्घ वेलांटी काढून ऱ्हस्व केली. त्या बाळासाठी मी केलेलं तेवढं एकच काम.

“आई, ती ताई उलटं वाचतीये.”

पायरीवर एक मुलगी गालाला हात लावून बसली होती आणि मैत्रीण तिचा फोटो काढत होती. हातातलं पुस्तक उलटं होतं.

“वाचत नाहीये गं. फोटोसाठी धरलंय नुसतं.”

“मग ती वाचणार नाही?”

“नसेल वाचत. काही बिघडत नाही.”

खारूनं त्या मुलीकडे असं पाहिलं की मला नवल वाटलं. आजारी माणसाकडे बघावं तसं, लांबून, वाईट वाटून. पुढे सुरक्षारक्षक उभा होता. त्याच्यापाशी जाऊन तिनं बोट वर केलं. “तिथली पुस्तकं कशी काढायची?”

“तिथली नाही काढता येत, बाळ.” आम्ही दोघीही त्या शब्दाला थबकलो, त्याला काही कळलं नाही. तो तिच्या कानाशी वाकला. “वर पुस्तकं नाहीतच. चित्रं चिकटवलीत. हात पोचतो तिथवर खरी, त्याच्यावर सगळी शोभा.”

“म्हणजे खोटी?”

“हळू बोल! सगळे वर बघूनच खूश आहेत. माझी नोकरी घालवशील.”

ती हसली नाही. ती घाबरलेली दिसली. मला म्हणाली, खरी कुठली ते नीट विचारून घे. खिशात माझा फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप: कुत्रा निघाला, आजोबा अजून आत, दार जाम आहे. खाली आणखी एक ओळ: सांगितलंस? मी फोन परत खिशात टाकला. आजूबाजूला एवढी माणसं होती, सगळी आपापल्या माणसांबरोबर, वर बोट दाखवत, एकमेकांना हलवून पुढे मागे उभं करत. आणि मला वाटलं, या एवढ्या मोठ्या जागेत एक वाक्य न जुळलेली मी एकटीच असेन. माझ्या बोटात खारूचं बोट होतं, थंड, चिकट. मूल बरोबर असताना एकटं वाटणं फार वाईट. ते कोणाला दिसत नाही.

मुलांचा विभाग आत होता, बैठ्या कपाटांचा, जमिनीवर गाद्या टाकलेला. तिथे मात्र लोक खरंच वाचत होते. समोरच्या आरामखुर्चीत एक काका पोटावर पुस्तक उपडं ठेवून घोरत होते आणि त्यांची नात बाजूला पडून चित्रं बघत होती. खारू माझा हात सोडून थेट टेबलामागच्या बाईंकडे गेली. गळ्यात साखळीला चष्मा, हातात पुस्तकांचा गठ्ठा.

“बाळांची पुस्तकं आहेत?”

“आहेत की. केवढं आहे तुझं बाळ?”

“एवढं.” तिनं हात पसरून अंतर दाखवलं. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. अंतर बरोबर होतं.

बाईंनी खालच्या खणातून कापडी पुस्तक काढलं. मऊ, चार पानांचं, पानापानावर एक बदक. “हे घे. चावलं तरी चालतं, धुतलं तरी चालतं.”

“पण त्याला वाचता येईल?”

“न यायला काय झालं?” बाई खुशीत होत्या. “इथे आलं की सगळे वाचतात!”

खारूचा चेहरा उजळला. पावसाळ्यापूर्वीपासून मी तो चेहरा पाहिला नव्हता. कापडी पुस्तक छातीशी धरून ती पळत आली आणि गादीवर टेकलेल्या माझ्या मांडीवर आदळली. “आई, चल. चल ना. आत्ताच दवाखान्यात देऊन येऊ. नाहीतर बाळालाच इथे आणू, त्या काकू म्हणाल्या, इथे सगळे—” आणि मला कळलं की आता आणखी थांबलं तर मी तिला खड्ड्यात ढकलेन. मी तिचे दोन्ही हात धरले. वाक्य जुळलेलं नव्हतंच. जे निघालं ते निघालं.

“खारू, बाळ घरी येणार नाही. कधीच नाही.”

मी वाट पाहिली, रडण्याची, ओरडण्याची. ती शहाण्या माणसासारखी म्हणाली, “मला माहितीये. वाचलं नाही म्हणून.”

“कोण म्हणालं तुला?”

“आत्या. फोनवर सांगत होती कुणाला तरी. बाळ वाचलं नाही हो, म्हणाली.” मग तिचा आवाज चढला, आणि त्या आवाजात एवढे दिवस साठलेला राग होता. “पण ते केवढंसं होतं! त्याला लगेच कसं येईल? कुणी शिकवलंच नाही त्याला! मी घरी होते, मला नेलंच नाही. मी शिकवलं असतं, मला अ आ येत होते तेव्हा. आत्ता शिकवलं तर? मी रोज करतीये, आई. मला फक्त जोडाक्षरं नाही येत. घड्याळ नाही आलं मला आज. मला नाही वाचता आलं तर मी पण...” तिचे ओठ घट्ट मिटले. फ्रिजपाशी मिटतात तसे, बसमध्ये मिटतात तसे.

बाळ वाचलं नाही. बाळाने वाचलं नाही. एक काना, एक ‘ने’. मुद्रितात असा ‘ने’ गळला तर मी लाल खूण करते आणि पुढच्या ओळीवर जाते, त्यात विशेष काही नसतं. इथे तो गळला नव्हता. नणंद बरोबर बोलली होती, सगळं जग बरोबर बोलत होतं. एका पाच वर्षांच्या मुलीनं तो आपल्या मनानं भरून घेतला होता आणि त्या भरलेल्या अक्षरामागे एकटी चालत निघाली होती, बिस्किटांच्या पुड्यांवरून, गटारांच्या झाकणांवरून, जीव मुठीत धरून. आणि आम्ही कौतुक करत होतो. शाळेतल्या बाई म्हणत होत्या, वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. बेसिनशी मी उभी असताना दारावरची ती खरखर. मला ती खेळ वाटली होती. आत मी आणि बाहेर ती, मध्ये एक फळी, आणि दोघी एकाच माणसासाठी काहीतरी करत होतो, ज्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

मी तिला जवळ ओढलं. “ऐक. वाचणं दोन प्रकारचं असतं.”

“दोन?”

“एक पुस्तकातलं. डोळ्यांनी करायचं. ते येत नसलं तरी माणसाला काही होत नाही. लहान बाळांना येतच नाही, कोणालाच. आणि दुसरं वाचणं म्हणजे... जिवंत राहणं. आजारी पडून बरं होणं. शब्द एकच आहे, पण गोष्टी वेगळ्या. आत्या ते दुसरं म्हणाली. आपलं बाळ फार आजारी होतं. ते मेलं, खारू.”

निघाला एकदाचा तो शब्द. बदकांच्या आणि गाद्यांच्या मध्ये तो नुसताच पडून राहिला, साधा, दोन अक्षरी, जोडाक्षर नसलेला. खारूनं तो मनात वाचून पाहिला असावा.

“पुस्तकाचं नाही?”

“नाही.”

“म्हणजे मी शिकवलं असतं तरी...?”

“तरी. डॉक्टरांनाही जमलं नाही. कोणाचं चुकलं नाही. तुझं तर नाहीच नाही.”

मग ती रडली. मोठ्यानं नाही, टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. माझा खांदा ओला झाला, कापडी पुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये चुरगळलं. रडता रडता मध्येच तिनं विचारलं, त्याचे डोळे कसे होते. मी म्हणाले, मिटलेले. केस? भरपूर, तुझ्यासारखे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तो होता तिथे, पण तो खिडकीतून बाहेर बघत होता. कुणी विचारलंच नव्हतं. ती मुसमुसत ऐकत होती आणि मी सांगत होते, नखं, कानाची पाळी, एवढीशी टाच. माझा आवाज मला परका वाटत होता. खूप दिवस न उघडलेल्या खोलीत कोणी चालावं तसा.

हळूहळू ती शांत झाली. नाक माझ्या ओढणीला पुसलं. समोर काका घोरत होते, पुस्तक त्यांच्या पोटावर वरखाली होत होतं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. नवा शब्द मिळाला की ती तो आधी तोंडात घोळवते.

“आई, ते काका वाचत नाहीयेत.”

“नाही.”

“पण वाचलेत.”

“हो,” मी म्हणाले, आणि मला हसू आलं, किती दिवसांनी. तीही हसली, ओल्या तोंडानं, खारीचे दात दाखवत. ते हसू माझ्या चेहऱ्यावर आलं तसंच राहिलं असावं, नीट न बसलेलं, कारण ती एकदम जवळ सरकली. तिनं मान तिरकी केली. माझ्या हनुवटीला हात लावून तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवलं, पाटी वाचताना डोळे बारीक करते तसे केले, आणि एकेक अक्षर सुटं करत, चुकू नये म्हणून हळू विचारलं,

“तू पण होतीस ना त्याच दवाखान्यात? मग तू... तू वाचलीस, आई?”